दिव्याच्या तळाची छिद्रे

एकदा एका व्यापाऱ्याने जुन्या वस्तूंच्या बाजारातून रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांची एक जोडी आणली, खांबांसकट. कधीकाळी कुठल्याशा शहरात संध्याकाळ झाली की एक माणूस शिडी घेऊन यायचा आणि हे दिवे पेटवायचा. आता त्या शहराला त्यांची गरज उरली नव्हती. व्यापाऱ्याला मात्र ते आपल्या बागेत हवे होते, आणि अर्थातच विजेवर.

असे काम जाणणारे गावात एकच वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्या काम शिकत होती. कॉलेजात शिकलेली, हुशार, हाताची नीटस. पण स्वभाव असा धास्तावलेला की मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. नानांनी ती जोडी तिच्यापुढे ठेवली.

"हे दोन्ही तुझे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बागेत नीट जळले, तर यापुढची कामं तू एकटीने घ्यायचीस."

"आणि नाही जळले तर?"

"तर पुन्हा माझ्याजवळ बसायचंस. दिव्यापायी अजून कुणाला फाशी झालेली नाही."

तिला हसू आले नाही. ती आदल्याच दिवशी बाग पाहून आली होती. व्यापाऱ्याची वृद्ध आई दिवेलागणीला तिथे फेरी मारत असे. त्या वेळी तिला नीटसे दिसत नसे, म्हणून हाताला येईल ते धरत धरत चालायची. लोखंडी खांब उभे राहिले की ती तेच धरणार, हे उघड होते. शिष्येच्या मनात एकच चित्र घर करून बसले : दिव्यात पाणी शिरले आहे, वीज खांबात उतरली आहे, आणि खांबावर तो सुरकुतलेला हात.

मग तिने जीव ओतून काम केले. गंज खरवडला. ज्या नळीतून गॅस वर चढायचा तिच्यातून वायर नेली. जिथे पूर्वी गॅसच्या ज्योतीवरची जाळी तेजाळून उठायची तिथे होल्डर बसवून बल्ब लावला. एकेक काच लांबीत, म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीत, घट्ट रोवली. डोक्यावरच्या छोट्या धुराड्याला पत्र्याची टोपी घातली. राहिली तळाच्या पत्र्यातली दोन बारीक छिद्रे. ज्योतीला हवा मिळावी म्हणून जुन्या कारागिरांनी ती ठेवली असणार. आता ज्योतच नाही, तर हवा कशाला? तिने दोन्ही दिव्यांच्या छिद्रांत रबरी लेप ठासून भरला, आणि कित्येक दिवसांनी तिला जरा मोकळे वाटले.

व्यापारी दिवे न्यायला आला. नानांनी त्याच्यादेखत दोन्ही दिव्यांवर बादलीभर पाणी ओतले. आत थेंब नाही!

"वा!" व्यापारी म्हणाला. "पोरगी तुमच्या वर गेली हो, नाना!"

नानांनी भिंतीवरचे दाभण काढले, दोनपैकी एक दिवा आडवा केला आणि त्याच्या तळाचा लेप टोचून दोन्ही छिद्रे मोकळी केली.

"अहो, अहो! हे काय?" व्यापारी ओरडला. "होडी बांधून झाली की तळाला भोक पाडतात का तुमच्यात?"

शिष्या पुढे झाली. "नाना, माझं काही चुकलं का?"

"ते दिवा सांगेल."

"मग दुसऱ्याची का नाही मोकळी केली?"

"दुसरा तुझ्या मनासारखा राहावा म्हणून."

एवढेच उत्तर. त्यानंतर नाना स्वतः बागेत गेले, खांबांचे अर्थिंग तपासले आणि वीज जराही भलतीकडे वळली तर आपोआप बंद पडणारे बटण आपल्या हाताने बसवून आले. शिष्येला काहीच उमगेना. हा माणूस एकीकडे एवढी काळजी घेतो आणि दुसरीकडे धडक्या दिव्याला भोक पाडतो! हे परीक्षा घेणे, की थट्टा? की आपण एकटीने कामे घेऊ नयेत असेच त्यांच्या मनात आहे? हा शेवटचा विचार तिला फार लाजिरवाणा वाटला. पण तो जाईना.

थंडीचे दिवस होते. ती रोज आभाळाकडे बघायची. ढगाचा तुकडाही दिसत नव्हता. पाऊस आला की भोकाचा दिवा जाणार हे ती धरूनच चालली होती, आणि तो येत नाही तोवर आपण सुरक्षित आहोत, असेही.

पाऊस आलाच नाही. व्यापाऱ्याचा निरोप मात्र आला : एक दिवा गेला. लावला की बटण खाली पडते.

"भोकाचाच असणार," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, आणि थोडा रागही. "मी येते तुमच्याबरोबर. मला बघायचंय."

बागेत व्यापारी वाट बघत होता आणि त्याची आई बाकावर बसली होती. शिष्येला पाहताच आई म्हणाली, "ये गं बाई. तुझा तो भोकाचा दिवा झकास जळतो हो. त्या शहाण्यालाच काय झालंय बघ."

शिष्या जागीच थबकली. शहाणा म्हणजे तिचा. कुठेही फट नसलेला.

बटण बंद करून ती शिडीवर चढली. काचा आतून पांढुरक्या झाल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू पडावा तशा. तळाशी बोटभर पाणी साचले होते आणि होल्डरच्या पितळेवर हिरवट गंज चढला होता. तिने चारी बाजूंची लांबी बोटाने दाबून पाहिली. कुठेही चीर नव्हती.

"पण पाऊस कुठे पडला?" ती रडवेली झाली. "नाना, आत यायला वाटच नाही. मग हे पाणी आलं कुठून?"

"हवेतून," नाना म्हणाले. "पोरी, दिवा जळताना तापतो, तेव्हा आतली हवा फुगून बाहेर पडते. विझला की निवतो, तेव्हा तो बाहेरची हवा आत ओढतो. तू कितीही लिंप, वायरीच्या नळीतून ओढेल, काचेच्या कडेतून ओढेल. त्या हवेबरोबर ओल येते आणि थंड काचेवर तिचे थेंब होतात. हे दोन्ही दिव्यांत रोज घडत होतं. त्या दिव्यातले थेंब खाली गळून गेले, उरलेली ओल हवेने सुकवली. या दिव्यातले थेंब राहिले, कारण त्यांना जायला तू जागाच ठेवली नाहीस. पाणी येईल या भीतीने तू आलेलं पाणी कोंडून ठेवलंस."

ती शिडीवरून खाली नानांकडे वळली.

"म्हणजे अडवायचंच नाही?"

"अडव की! जेवढं अडवता येईल तेवढं अडव. टोपी घातलीस, काचा रोवल्यास, छान केलंस. पण सगळंच अडवलं असं समजून खालची वाट बुजवू नकोस."

"हे मला आधी सांगता आलं नसतं का?"

"सांगितलं असतं तर तू छिद्रं ठेवली असतीस," नाना हसले, "आणि मग धास्तीने त्यांच्यावर झाकण बसवलं असतंस."

व्यापारीसुद्धा हसला. तिला मात्र ते अगदी खरे वाटले.

"म्हणजे आता मी तुमच्याजवळच बसायचं ना?" तिने विचारले.

"कशाला? दिवा गेला हे ऐकून तू लपली नाहीस, बघायला आलीस. पुढचं काम तुझं."

"आणि छिद्रांतून किडे शिरले तर?"

"शिरतील. म्हणून तर शिडी जपून ठेवायची."

तिने नानांकडून दाभण घेतले. जागा तिला पाठ होती. लेप फुटला, आणि साचलेले पाणी तिच्या बाहीवरून खाली ओघळले.

"अगं अगं, गळतोय की तो!" बाकावरून व्यापाऱ्याची आई ओरडली.

"हो, आजी," शिष्या शिडीवरून म्हणाली. "गळू दे."

दुःख आत येऊ नये म्हणून आपण सारेच दक्ष असतो. आलेले दुःख ओघळून जावे म्हणून तळाशी काही मोकळे ठेवले आहे का, तेही एकदा पाहून घ्यावे.