तात्यांची दोन घरं

समुद्राचं पाणी गोड होतं तेव्हाची गोष्ट. शंखांत राहणाऱ्या खेकड्यांच्या वस्तीची पार दैना झाली होती. कुणाचं घर तंग, कुणाचं फुटकं. धाकटी चिंगी तर काजूच्या टरफलात दिवस काढत होती.

अखेर कासवीणबाईंनी एक मोठा, नवाकोरा शंख आणून ठेवला. एवढा एक पुरे होता. रीतच तशी होती: थोरल्याने नव्यात जायचं, त्याच्या घरात त्याच्याहून धाकट्याने, आणि असं करत शेवटच्यालाही घर मिळायचं.

रांग लागली. थोरले तात्या नव्या शंखात शिरले, पण जुना नांगीत घट्ट धरून बसले.

"तात्या, सोडा की!" चिंगी ओरडली.

"राहू दे. पुढेमागे पोरांना होईल."

"तुम्हाला पोरं कुठायत?"

"होतील की!"

तेवढ्यात वरून घारीची सावली आली. सगळे आत दडले. तात्यांची नांगी मात्र जुन्या घरासकट दारात अडकली. घारीने झडप घातली, तसं तात्यांनी घर टाकलं आणि सुटकन आत गेले.

घार रिकामीच परतली. वाळूवर एकच खडखडाट झाला आणि अख्खी रांग एकेक घर पुढे सरकली. चिंगीने आपल्या नव्या घरात पाय पसरले न पसरले, तोच बाहेरून तात्यांचा आवाज आला,

"चिंगे, त्या टरफलाचं काय करणार आहेस गं?"