येसूच्या खोलीला सात भाडेकरू

"खोली एक, आणि कर्ज सहा खोल्यांचं?" त्र्यंबकशेट सावकारांनी लोडाला टेकून पान तोंडात सारलं. "येसू, अगं तुझ्या बापानं तरी सहाशे रुपये एका जागी पाहिले होते का?"

पेढीवरचे सगळे खो खो हसले.

येसू देवळांच्या चौकात वाती वळून विकायची. तिथंच तिची सासऱ्यांनी ठेवलेली एक खोली होती, मागं थोडी मोकळी जागा. आपण पोरासकट सासूच्या पडवीत निजायचं, खोली भाड्यानं द्यायची, मागं आणखी सहा बांधायच्या, म्हणजे पोराला उद्या कुणापुढे हात पसरायला नको, असा तिचा बेत!

"भाड्यातून फेडीन की, शेटजी!"

"भाडेकरू कुठायत?"

"खोल्या झाल्या की येतील."

"छे! आधी भाडेकरू, मग कर्ज. रोख भाडं मुठीत घेतलेले सात जण इथं उभे कर. आठ दिवसांत! केलेस तर सहाशे रुपये बिनव्याजी. नाहीतर ती खोली माझी!"

"न बांधलेल्या खोलीला भाडं कोण देईल?"

"ते तू बघ. शहाणी ना तू?"

येसू चिडली. चिडली म्हणून "कबूल!" म्हणून बसली, आणि पायरी उतरताच तिनं कपाळावर हात मारला. असलेलं छप्परही पैजेला लावून बसले की गं बाई!

सकाळी पोर कडेवर घेऊन ती चौकात फिरली. बेलवाला म्हणाला, "अख्ख्या महिन्याचं भाडं? येसूताई, माझा धंदा सोमवारचा! महादेवाला बेल वाहून झाला, की मंगळवारी मला कुत्रं विचारत नाही."

तेली म्हणाला, "मी शनिवारचा. मारुतीला तेल घालून झालं, की मी बरा नि माझा घाणा बरा."

चौथ्या नकाराला तिचे डोळे भरून आले. पाचव्याला मात्र ती मधेच थबकली. "तुमचा वार कुठला म्हणालात?" आणि उत्तर ऐकून अशी धावत सुटली, की कडेवरचं पोर हिंदकळून खिदळायला लागलं.

आठव्या दिवशी पेढीपुढे सात जण, सातांच्या मुठीत भाडं!

शेटजींचं पान चघळायचं थांबलं. "कुणाची खोली कुठली?"

"सगळ्यांची तीच, शेटजी! सोमवारी महादेवाचा बेल, मंगळवारी गणपतीची जास्वंद, गुरुवारी दत्ताचे पेढे, शुक्रवारी देवीचे फुटाणे, शनिवारी मारुतीचं तेल, रविवारी खंडोबाचा भंडारा."

"अन् बुधवार? तो कुठल्या देवाचा?"

"बुधवारी कुणाचाच उपास नाही, म्हणून तो न्हाव्याचा! सगळं गाव त्याच दिवशी डोकं पुढं करतं."

पेढी पुन्हा हसली, पण आता येसूला नाही. शेटजी लाल झाले. "ही लबाडी! एकच खोली सात जणांना? आमच्या धंद्यात असलं चालत नाही!"

येसूची जीभ काही थांबली नाही. "चालत नाही कसं? तुमचा एकच रुपया पेरणीला कुणब्याकडे जातो, दिवाळीला शिंप्याकडे, लग्नसराईत सोनाराकडे. वर्षात सात उंबरे चढतो, सातही घरांतून व्याज आणतो. त्याला तुम्ही लक्ष्मी म्हणून हात जोडता. माझ्या खोलीनं तेच केलं, तर ती लबाड?"

मुनीमजींना फिस्सकन हसू फुटलं. शेटजींनी त्यांच्याकडे डोळे वटारले, आणि मग त्यांचंच पोट गदगदायला लागलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. सहाशे रुपये त्यांनी बिनव्याजी मोजले, वर तिजोरीतून चांदीचे वाळे काढून तिच्या कडेवरच्या पोराच्या पायांत घातले.

येसूनं पोराच्या पायांतले वाळे फिरवून पाहिले. "कुणाच्या गहाणातले, शेटजी?"

"माझ्या नातवासाठी केलेले गं, नवेकोरे!" शेटजी पुन्हा हसत सुटले. "आता जा बाई घरी, नाहीतर ही पेढीसुद्धा वारावारीनं भाड्यानं लावशील!"