झोपेचं पोळं

एका राज्यात झोप मधमाश्या आणायच्या. राजवाड्यामागं जांभळाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत सातेरीचं पोळं होतं. सातेरी म्हणजे बारकी, गरीब स्वभावाची माशी, घराशी पाळावी अशी. दिवस कलला की पोळ्यातून गुणगुण उठे, शिवेपर्यंत पसरे, आणि जिथवर ती पोचे तिथवर माणसं, गुरं, चुलीपुढची मांजरं निजत. यात कुणाला नवल वाटत नसे. विहिरीला पाणी असतं तशी पोळ्याला झोप असते, असं सगळे धरून चालत.

राजाचं नाव हेमकर्ण. लढाया सरल्या होत्या, कोठारं भरली होती, हात रिकामे होते. रिकाम्या हातांना हौस लागली, आपण माश्या पाळायच्या. धूम्रकेश नावाच्या मांत्रिकानं त्याला चंदनाची पेटी करून दिली आणि माश्यांना धूर देऊन शांत करायचं, कधीच न विझणारं धुराडं दिलं. राजानं ढोलीतली दहा पोळी कापून पेटीत आणली. इथवर ठीक होतं. पाळणारे असंच पाळतात.

पण राजा रोज सकाळी झाकण उघडी. राणीमाशी दिसते का बघे. दिसली की प्रधानाला दाखवी. दुपारी पाहुण्यांना दाखवी. तिन्हीसांजेला, ती अजून आहे ना, म्हणून परत उघडी. रोज धूर, रोज उजेड, रोज पोळी वरखाली. माश्यांनी पिल्लांना ऊब द्यायची कधी आणि मध झाकायचा कधी?

एके दिवशी राणीमाशी राजाच्या अंगठ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "राजा, तू आम्हाला घडीभर टेकू देत नाहीस. तुझ्या राज्यात आता पाठ टेकेल, डोळा लागणार नाही. बंद झाकणाखाली नवी राणी जन्मून तिची पिल्लं वाढू लागतील, त्या दिवशी शाप सुटेल." एवढं बोलून ती उडाली. कुंपणावर वेडा राघू बसला होता. हिरवा, लांब चोचीचा, माश्यांवर जगणारा पक्षी. त्यानं तिला गिळलं.

गुणगुण थांबली. झोप गेली.

सात महिने उलटले, कुणी निजलं नाही. लोक मरत नव्हते, तेवढी सोय शापात होती. पेटीतल्या माश्याही मरत नव्हत्या. सगळे नुसते दमलेले होते. बायका पीठ मळता मळता थांबत आणि आपण काय करत होतो ते आठवत बसत. बैल जुवाखाली उभे राहत. भांडणं सुरू होत आणि शिवी आठवायच्या आत विरून जात.

त्या राज्याच्या डोंगराकडच्या टोकाला सगुणा नावाची मधवाली राहत होती. पंचेचाळिशीची, हाडापेरानं रुंद, तोंडानं तिखट. तिच्या घराच्या भिंतीत चार मडकी बसवलेली होती आणि चारीत माश्या होत्या. त्या मध देत. झोप देणं त्यांच्याकडं नव्हतं. तिचा नवरा हैबती काळकड्यावरचा मध काढायचा. झोप गेल्यावर सहाव्या महिन्यात त्याला डोळ्यांपुढं दोन कडे दिसायला लागले, आणि त्यानं नसलेल्या कड्यावर पाय ठेवला. जीव वाचला, नडगी फुटली. जखम भरेना. वैद्य म्हणाला, "जखम झोपेत भरते, बाई. येत्या पुनवेच्या पुढच्या पुनवेपर्यंत झोप आली तर ठीक. नाहीतर त्या दिवशी सूर्य मावळताना मी करवत घेऊन येतो."

सगुणानं उंबऱ्यावर बसून विचार केला. मग लुगड्याचा ओचा खोचला आणि चालत राजवाड्यात गेली.

राजा पेटीपाशीच होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"महाराज, झाकण शेवटचं कधी उघडलंत?"

"आत्ताच. न्याहारीआधी."

"त्याआधी?"

"उजाडताना. बाई, चैत्र सरत आला. उन्हाळ्याच्या तोंडी पेटी तपासावी म्हणतात."

"तपासावी की. पंधरा दिवसांतनं एकदा. तुम्ही भाजी ढवळताय."

शेजारी उभ्या प्रधानाला याचा राग यायला हवा होता. पण तो दमलेला होता, त्यानं मान फिरवली. सगुणानं हळूच झाकण उचललं, एकेक पोळं उन्हाकडं धरून बघितलं आणि परत ठेवलं. अंडं नाही. अळी नाही. दहा पोळी धुरानं काळवंडलेली, वरच्या अंगाला मध, आणि माश्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

"नवी राणी करायची म्हणजे त्यांना ताजं अंडं पाहिजे," सगुणा म्हणाली. "ह्यांच्याकडं ते नाही. करतील कशाची?"

कुंपणावरून वेडा राघू बोलला, "मी सांगतो. बत्तीस हजार माश्या खाल्ल्यात मी. त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं माझ्या पोटात आहे."

"मग बोल. दिवस वर चाललाय."

"तीन कामं आहेत. पहिलं, काळकड्याच्या कपारीत ह्याच ढोलीतनं फुटून गेलेली सातेरी आहे, तुझ्या मडक्यांतल्या चालायच्या नाहीत. तिथनं ताज्या अंड्यांचा तळहाताएवढा तुकडा आण. वाटेत गार झाला तर गेला. दुसरं, पेटीतला धुरकट मध काढ, पण माश्यांचा वाटा ठेव. उपाशी माश्या राणी वाढवत नाहीत. तिसरं, झाकण लाव आणि या पुनवेपासून त्या पुनवेपर्यंत उघडू नको. तिसरं कुणाला जमत नाही."

"तुझं काय अडलंय ह्यात?"

"मीही सात महिने निजलो नाही, बाई."

पुनवेच्या दिवशी सगुणा काळकड्यावर गेली. ज्या अंजनीच्या झाडाला हैबतीनं दोर बांधला होता, त्यालाच तिनं बांधला. अर्ध्यावर कपारीत हैबतीचा कोयता अडकलेला होता, गंज चढलेला. तिनं तो काढून कमरेला खोचला. कपारीत हात घातला, तीन माश्या चावल्या. "असू द्या," ती म्हणाली. "मी चोरच आहे आज." तुकडा कापला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि चोळीत, अंगाच्या उबेला ठेवला. मग तीन कोस चालली. तुकडा चेंबेल म्हणून वाकली नाही, आणि वाकायचं नाही म्हणून ओढ्यावर पाणी प्यायली नाही. उन्हात घाम आला तर बरं वाटलं, तेवढीच ऊब.

राजवाड्यात पोचल्यावर तिनं पहिलं धुराडं उचललं आणि शेणाच्या खड्ड्यात पुरलं.

"ते विझत नाही," मांत्रिक म्हणाला.

"नसू दे विझत. पुरलंय."

मग पेटी उघडली. तिनं दोन पोळी बाहेर काढली, आठ ठेवली. राजा जवळ सरकला.

"आणखी एक काढ. एवढा मध आहे."

"तो त्यांचा आहे. मृगात फुलं धुऊन जातात, तेव्हा काय खातील?"

"अर्धं काढ."

"महाराज, तुमच्या ताटातली अर्धी भाकरी मी रोज उचलली तर चालेल?"

राजा मागं सरला. तुकडा सगुणानं मधल्या पोळ्यात बांबूच्या काडीनं बसवला. दोन माश्या उठल्या, त्याभोवती फिरल्या आणि त्यावर बसून राहिल्या. काढलेला मध राखेसारखा वास मारत होता. त्याला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत. सगुणानं झाकण लावलं, फटीत मेण भरलं आणि पेटीपुढं बसली. तिसरं काम सुरू झालं.

बसून राहण्याएवढं जड काम नाही, हे तिला दुसऱ्या दिवशीच कळलं. घरी हैबती आढ्याकडं बघत पडलेला. सकाळी ती त्याला पेज पाजून येई आणि दिवे लागायला परत जाई.

"काय झालं का?" तो विचारी.

"होतंय."

"तू बघितलंस?"

"बघायचं नाही, तेच तर काम आहे."

"मग मला इथं पडून तेच काम जमतंय," तो म्हणे. दोघं हसायची ताकद आणत आणि तेवढ्यावर भागवत.

तिसऱ्या दिवशी राजा आला. "नुसती फट करू."

"नाही."

नवव्या दिवशी आला. "कान लावतो फक्त, आणि वाटलंच तर..."

"वाटायचं नाही." तिनं त्याच्यापुढं सरकीच्या कापसाची पाटी सरकवली. "सरकी वेगळी करा. तुमच्या हातांना काम नाही म्हणून राज्य जागं आहे."

राजा खाली बसला. सरकी काढू लागला. पहिल्या दिवशी बोटं सोलली, दुसऱ्या दिवशी रुळली. सगुणानं त्याला पेटीचं दार दाखवलं. बाहेरून येणाऱ्या माशीच्या पायांना पिवळी गोळी असते, तो पराग. "आत पिल्लं असली की त्या पराग नेतात. पायाला पिवळं आहे ना, मग आत बघायची गरज नाही."

"रोज एवढं बघितलं मी," राजा म्हणाला, "हे नाही बघितलं."

विसाव्या दिवशी सकाळी वेडा राघू तिच्या मांडीवर येऊन उतरला. "बाई, आज माझी चोच बांध. नवी राणी आज उडणार. लग्न लागून परत येईल. मी मला ओळखतो."

सगुणानं मेणाचा दोरा करून त्याची चोच बांधली. दुपारी जांभळावर काहीतरी सुळकन गेलं आणि काही वेळानं परत आलं. राघू थरथरला, पण जागचा हलला नाही. तिन्हीसांजेला तिनं दोरा सोडला. राघू उपाशीच बसून राहिला.

पण गुणगुण उठेना. पंचविसावा दिवस गेला, सत्ताविसावा गेला. हैबतीचा पाय गुडघ्याखाली काळा पडला, वास यायला लागला. पुनवेच्या सकाळी तो म्हणाला, "वैद्याला म्हणावं, करवतीला धार लाव. बोथट नको."

सगुणानं त्या दिवशी पेज पाजली नाही. सरळ पेटीवर आली, कान लावला. काही नाही. तिच्या पाठीत तीस वर्षांचं ओझं वाहिल्यासारखी कळ होती, आणि डोळ्यांपुढं दोन पेट्या दिसत होत्या. दुपारी तिची नखं झाकणाखाली गेली. मेण तडकलं. एकदाच, ती मनात म्हणाली. मी काय राजा आहे? मला कळतं किती उघडायचं ते.

झाकणावर हात पडला. सरकीनं खरबरीत झालेला.

"बाई," राजा म्हणाला, "पायाला पिवळं आहे."

"हात काढा."

"आत बघायची गरज नाही."

"माझ्या नवऱ्याचा पाय तुमच्या हौसेपायी चाललाय. आणि तुम्ही मला शिकवता?"

"हो. तूच शिकवलंयस."

तिला त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. मारलंही असतं. पण हात उचलायचा तर झाकण सोडायला हवं होतं, आणि ते सोडलं तसं मारायचं बळ उरलं नाही. ती खाली बसली. तडकलेल्या मेणावर राजानं अंगठा दाबून धरला, शापाच्या दिवशी राणीमाशी बसली होती तोच. दोघंही दारातल्या पिवळ्या पायांकडं बघत राहिली.

ऊन उतरलं. जांभळाची सावली पेटीवर आली. आणि पेटीच्या आत कुणीतरी घसा साफ करावा तसा आवाज झाला, मग दुसरा, मग हजारो. गुणगुण दारातून बाहेर पडली आणि शिवेकडं निघाली.

राजा अंगठा न काढता निजला. प्रधान जिन्यावर निजला. मांत्रिक उभ्यानंच निजला आणि मग सावकाश आडवा झाला. सगुणाच्या पापण्या खाली आल्या. तिनं कमरेचा हैबतीचा कोयता पायाच्या बोटावर टेकवला, दाबला, आणि त्या कळेच्या जोरावर चालत घरी निघाली. वाटेत गाडीवान गाडीत, बैल जुवाखाली, बायका पाण्याच्या घागरी कमरेला लावून भिंतीला टेकलेल्या. आवाज तिच्या पुढं पुढं चालला होता आणि ती त्याच्या मागून रांगत येत होती.

उंबऱ्यावर वैद्य होता. करवत उशाला घेऊन निजलेला. आत हैबती घोरत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ज्या घोरण्याला वैतागून ती माहेरी गेली होती, अगदी तसा. तिनं त्याच्या पायावर आपल्या मडक्यातला मध लावला, फडकं बांधलं आणि त्याच्याशेजारी आडवी झाली. "घोरा," म्हणाली. बाकीचं बोलायला ती जागी नव्हती.

राज्य तीन दिवस निजलं. दूध काढायला कुणी नव्हतं, वासरं पोटभर प्यायली. जाग आल्यावर वैद्यानं जखम बघितली आणि करवत धुऊन ठेवली. हैबतीचा पाय वाचला, थोडा वाकडा राहिला. राजा पुढंही माश्या पाळत राहिला. पंधरा दिवसांतनं एकदा, धुराविना, थोडाच वेळ झाकण उघडी. उन्हाळ्याच्या तोंडी दोन पोळी काढी, आठ ठेवी. एरवी दाराशी बसून सरकी वेगळी करी. वेड्या राघूला जांभळावर बसायची मुभा मिळाली, राणी उडण्याचा दिवस सोडून.

पेटी झाकली, कहाणी झाकली. आता हिला परत उघडू नका. दिवा बारीक करा आणि टेका.