सात टक्के

“म्हणजे मी तीनदा मोजलं ते खोटं, आणि मशीन खरं?” ऋजुताचा आवाज चढला.

मणेरसरांचा हात तेवढा तिच्या आणि कीबोर्डच्या मध्ये आडवा होता.

घाटमाथ्यावरच्या त्या इस्पितळात कॅन्सरवर किरणं देणारं हे एकच मशीन. रोज सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी त्याचा डोस मोजून बघायचा, ही मणेरसरांची सव्वीस वर्षांची नोकरी. ऋजुताची सहा महिन्यांची. पण पोरगी हुशार, विद्यापीठात पहिली आलेली. आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही.

आज मोजलेला डोस शंभराच्या जागी त्र्याण्णव भरत होता.

“सात टक्के कमी, सर! वाढवू द्या मला. बाहेर गुरवमामा बसलेत. कमी डोस गेला तर गळ्यातली गाठ तशीच राहील.”

“आणि जास्त गेला तर?”

“जास्त कसा जाईल? मशीनच कमी देतंय!”

“थांब.”

काचेपलीकडे गुरवमामा गळ्याला पंचा गुंडाळून बसले होते. जन्मभर लग्नांत सनई वाजवली, आता घोटभर पाणी उतरायची मारामार. आज त्यांची किरणांची एकोणिसावी ‘लाइट’. इथे माणूस ताटकळतोय आणि हे हात आडवा घालून बसलेत! ऋजुताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“पहिल्यापासून सांग. काय काय केलंस?”

तिने घडाघडा सांगितलं. अंतर शंभर सेंटिमीटर. खोलीचं तापमान बावीस. मोजायचे चेंबर दोन वापरले, दोन्हींचं उत्तर एकच. हवेचा दाब एक हजार अकरा.

“किती?”

“एक हजार अकरा. हवा विरळ असली की चेंबरचं रीडिंग कमी येतं, म्हणून दाब बघून ते वाढवून धरायचं. एवढं येतं हो मला, सर!”

“दाबमापक तर काल पडून फुटलं.”

“म्हणून फोनवर बघितला. आपल्याच गावाचा, आत्ताचा.”

सर उठले. खिडकीचा पडदा सरकवला. खाली खोल दरी, आणि तळाशी काडेपेटीएवढे ट्रक घाट चढत होते.

“समुद्र दिसतो का?”

“काय?”

“बघ ना. दिसतो का?”

“नाही...”

मग तिने हातातल्या फोनकडे बघितलं. फोनवर दिसतो तो दाब समुद्राच्या पातळीला धरून काढलेला असतो, गाव कितीही उंचावर असो. हे तिने स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. इथली हवा त्याहून कितीतरी विरळ, म्हणून रीडिंगच कमी आलं. मशीन बरोबर होतं. आणि ती सात टक्के जास्त देणार होती. रोज. त्या सोलवटलेल्या गळ्यात.

शेजारच्या कॉलेजातून दाबमापक आणवलं. नऊशे एक्केचाळीस.

तिने पुन्हा हिशेब मांडला. दोनदा आकडा चुकला. उत्तर आलं शंभर, त्यात जेमतेम एक दशांश कमी.

गुरवमामा आत गेले. जाताना तिच्याकडे बघून हसले बिचारे. जाड दार हळूहळू बंद झालं, आणि ऋजुताला रडूच फुटलं.

सरांनी तिला रडू दिलं.

“तुम्हाला आधीच कळलं होतं,” ती डोळे पुसत म्हणाली. “मग हात आडवा घातलात तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तेव्हा मला कुठं काय कळलं होतं?”

“मग थांबवलंत कशाला?”

“भीती वाटली,” मणेरसर म्हणाले. “तुला कशी नाही वाटली?”