दुसरे साहेब

रक्तपेढीच्या संगणक विभागात अश्लेषा तांडेलचा जीव खालीवर होत होता. प्रसूतिगृहातून डॉक्टरांचा तिसरा फोन आला होता, "ओ निगेटिव्ह रक्त कुठे मिळेल ते लवकर सांगा!" आणि पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत होतं.

या संथपणाचं कारण तिला ठाऊक होतं. प्रत्येक पिशवीला नोंदणीच्या वेळीच स्वतंत्र क्रमांक मिळे. तोच क्रमांक दुसऱ्या पिशवीला संगणक देतच नसे. तरीही विभागप्रमुख देवस्थळीसाहेबांच्या हुकमावरून, कोणतं रक्त कुठे आहे याची यादी देण्याआधी लाखो नोंदींमधून दुबार नोंदी तीन-तीनदा शोधल्या जात.

ती धावतच साहेबांच्या खोलीत शिरली. "साहेब, ती दुबार तपासणी काढून टाकते. सही द्या."

"मुळीच नाही! खबरदारी म्हणजे खबरदारी," साहेब गरजले.

"बरं," म्हणून ती दाराकडे वळली.

"निघालीस कुठे?"

"चारही मजले पाहून येते. आणखी कुठे विभागप्रमुख देवस्थळी बसलेत का ते शोधते. सापडले तर दुबार वगळते, मग तुमच्याशी बोलते."

साहेब ताडकन उठले. "डोकं फिरलंय का? हे पद एकच आहे! इथे दुसरा माणूस नेमताच येत नाही!"

"पिशवीच्या क्रमांकाचंही तसंच आहे, साहेब. दुसरी पिशवी त्यावर नेमताच येत नाही. मग रोज शोधतोय कुणाला?"

बाहेर फोन पुन्हा खणखणू लागला. साहेबांनी निमूटपणे सही केली.

अश्लेषाने तिन्ही तपासण्या पुसल्या. दोन सेकंदांत यादी आली. तिने पत्ता सांगितला, आणि पलीकडे डॉक्टर फोन न ठेवताच धावत सुटले.