कबूतर परत येईपर्यंत

बारा वर्षांपूर्वी मेण्याच्या पडद्याआडून आलेला एक हुंदका गोजरा दासीच्या कानात अजून होता. राणीची पाठराखीण म्हणून ती धारातीर नगरीहून माणिकपुरात आली, त्या दिवसापासून राणीला माहेर दिसलं नव्हतं. कारण काय, तर लग्नाच्या पंगतीत राजाच्या पानावर तूप उशिरा पडलं! राजा रुसला तो रुसलाच.

आता राणीची आई अंथरुणाला खिळली होती. लेकीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढाच तिचा ध्यास. राणीच्या भावाने तसा निरोप घेऊन स्वार पाठवला, आणि उत्तर लवकर कळावं म्हणून त्याच्याबरोबर पिंजऱ्यातून एक कबूतर दिलं.

राजाने कबूतर न्याहाळलं. हे किती वेळात पोचेल, असं त्याने विचारलं. सकाळी सोडलं तर ऊन डोक्यावर यायच्या आत, स्वार म्हणाला. पाखराला ना घाट आडवा येतो, ना नदी. मेण्याला मात्र वळणावळणाने चार दिवस लागतात.

आजारी सासूसाठी नाही म्हणावं तर लोक नावं ठेवणार, आणि हो तर राजाला म्हणायचं नव्हतं. तो मिशीत हसला.

"राणीसाहेबांनी खुशाल जावं. पण कबुतराला जाऊन यायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यातच परत यावं."

राणीने मान खाली घातली. गोजरा पुढे झाली.

"म्हणजे कबूतर परत येईपर्यंत रजा, असंच ना महाराज?"

"असंच. संध्याकाळी ते आलं, की मेणा असेल तिथून मागे फिरवू."

"शब्द दिलात?"

"दिला! राजाचा शब्द आहे, तुमच्या पंगतीतलं तूप नव्हे."

गोजराने उत्तराची चिठ्ठी बांधून कबूतर आपल्या हाताने सोडलं. मेणा निघाला. ती मात्र मागे राहिली.

संध्याकाळी राजा गच्चीत जाऊन बसला. कबूतर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लांबवर घार दिसली तरी तो उठून उभा राहायचा. पंधरवडा उलटला. राणीवाचून घास गोड लागेना, पण सांगणार कुणाला? शेवटी त्याने गोजराला वर बोलावलं आणि ते पाखरू वाटेत मेलं की काय, म्हणून विचारलं.

"खुशाल आहे, महाराज. ते राणीसाहेबांच्या माहेरचं. इथून उडालं ते आपल्या घरी गेलं. घरी गेलेलं आपणहून परत कशाला येईल?"

"मग इथे आलं कसं होतं?"

"कुणीतरी जाऊन, जपून आणावं लागतं."

राजाने आभाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आम्हाला किती लांब पडेल गं ते?"

"रुसून बसलात तर बारा वर्षं, महाराज. निघालात तर चार दिवस."

राजा असा खदखदून हसला, की कठड्यावरचे पारवे भुर्रकन उडाले. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या ओंजळीत ठेवलं, आणि जिना उतरून पागेकडे चालू लागला.