शेहेचाळीस आणे

मुलांनो, आणि मुलांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा एका राज्यात नदीच्या वळणावर एक पेठ होती. त्या पेठेत तेलाचा एक मोठा व्यापारी होता. सगळे त्याला शेटजी म्हणत.

शेटजींचा हिशेब दिवाणजी सांभाळत. हजारोंच्या उलाढालीत त्यांची एका पैचीही चूक होत नसे. पण दुकानात किरकोळ खर्चाची एक लाकडी पेटीही होती. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी शेटजी तीत दहा रुपये ठेवत. हमाली, नावेचं भाडं, दोऱ्या असले खर्च त्यातून होत. ते कधी लिहिले जात, कधी राहून जात.

"दिवाणजी, तेही लिहीत जा," शेटजी म्हणत.

"चार-दोन आण्यांसाठी बोरू कुठे बुडवायचा? माझ्या ध्यानात असतं सगळं," दिवाणजी हसून सांगत.

एका महिनाअखेरीस पेटी रिकामी झाली, पण चोपडीत खर्च निघाला सात रुपये दोन आणे. दोन रुपये चौदा आणे, म्हणजे शेहेचाळीस आणे कुठे गेले, ते कळेना. दिवाणजींनी पेटी उलटी करून झटकली. चोपडी पुन्हा वाचली. आठवू गेले, तर एका खर्चात दुसराच मिसळू लागला. शेटजी समोर उभे होते. 'मी विसरलो' एवढंच म्हणायचं होतं, पण ते जिभेवर येईना.

"सकाळी मी यायच्या आधी इथे एकटी तान्हूबाई असते," ते बोलून गेले.

तान्हूबाई बारा वर्षं त्या दुकानाची झाडलोट करत होती. शेटजींनी तिला एवढंच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." तिने पदर सावरला आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून दुकानाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. हमाल कनवटीला हात लावून बघत. मापाडी पेटीपासून चार हात लांब उभा राही. दिवाणजी तर जेवणावरून अर्धपोटी उठत. बसले की उभं राहावंसं वाटे, उभे राहिले की बाहेर जावंसं वाटे. आठव्या दिवशी ते खरंच बाहेर पडले.

ते आधी नावाड्याकडे गेले. "गेल्या महिन्यात मी तुला काही दिलं होतं का?"

"तीन फेऱ्यांचे बारा आणे," नावाडी लगेच म्हणाला. "त्यातून मी घरात ज्वारी भरली."

दोरखंडवालीला दहा आणे मिळाले होते. कुंभाराला बुधल्यांचे चौदा. कुलूप दुरुस्त करणाऱ्या लोहाराला सहा. कुणालाच आठवावं लागलं नाही. दिवाणजींनी जी रक्कम किरकोळ म्हणून सोडून दिली होती, ती घेणाऱ्याच्या घरी मोठी होती.

बेचाळीस आणे जुळले. चार राहिले. भर उन्हात सगळी पेठ पालथी घालूनही ते सापडेनात. शेवटी पाय ओढत ते तान्हूबाईच्या दारात गेले. ती धान्य पाखडत होती. दिवाणजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"ते चार आणे तुम्ही मलाच दिले होते," ती म्हणाली. "केरसुण्या आणायला. दोन आणल्या मी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच कुठे, दिवाणजी?"

दिवाणजी तडक दुकानात आले आणि त्यांनी शेटजींसमोर कबूल केलं, "पैसे कुणीच घेतले नव्हते. माझ्या आळसावर मी तिचं नाव लिहिलं." शेटजी स्वतः तिच्या दारी गेले, हात जोडले, परत ये म्हणाले.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," तान्हूबाई म्हणाली. "पण आता तिथे केर काढताना माझी नजर सारखी त्या पेटीकडे जाईल. मी येणार नाही."

ती आली नाही. दिवाणजी पुढे पेटीतून एक पैसा काढायचा तरी आधी चोपडीत लिहीत, घेणाऱ्याचा अंगठा घेत, आणि दिवस मावळण्याआधी उरलेली नाणी मोजून ताळा जमवत. हिशेब पुन्हा कधी चुकला नाही. तरी तान्हूबाई बाजारात समोरून आली, की त्यांची पावलं अडखळत.

तात्पर्य : आळसाने न लिहिलेला खर्च शेवटी एखाद्या निरपराधाच्या नावावर चढतो.